डायनासोर परत आणता येतील का? टाइम मशीन, डीएनए आणि 'परत आलेले' लांडगे, सगळं समजून घ्या

एप्रिल २०२५ मध्ये पांढऱ्याशुभ्र लांडग्यांच्या पिल्लांचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेले. दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी नामशेष झालेला 'डायर वुल्फ' परत आलाय, असं अमेरिकेतल्या कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीने जाहीर केलं होतं. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, डायनासोर कधी येणार?

टाइम मशीनने जाऊन एखादा डायनासोर आणता येईल?

२००६ साली ब्रिटनच्या आयटीव्हीवर 'प्रीहिस्टॉरिक पार्क' नावाची मालिका आली होती. त्यात निसर्ग-सादरकर्ते नायजेल मार्व्हन भूतकाळात जातात आणि टी-रेक्सची पिल्लं, मॅमथ असे प्राणी आजच्या जगात घेऊन येतात.

खऱ्या आयुष्यात काळाच्या पुढे जाणं शक्य आहे, पण अगदी थोडंसं. आईनस्टाईनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार वेगात असलेल्याचं घड्याळ हळू चालतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात सहा महिने राहून आलेला अंतराळवीर आपल्यापेक्षा साधारण ०.००५ सेकंदाने कमी म्हातारा झालेला असतो.

मागे जाण्याचा रस्ता मात्र कोणालाच सापडलेला नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २००९ मध्ये केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रणं पार्टी संपल्यावर पाठवली. म्हणजे ज्याला मागे येता येतं, तोच येऊ शकला असता. कोणीही आलं नाही.

मग जुरासिक पार्कवाली युक्ती?

राळेत अडकलेला डास, त्याच्या पोटातलं डायनासोरचं रक्त आणि त्यातला डीएनए. ऐकायला भारी आहे, पण गाडी डीएनएवरच अडते, कारण तो टिकत नाही.

न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या हाडांमधल्या डीएनएचे निम्मे दुवे तुटायला सुमारे ५२१ वर्षं लागतात, असं त्यात दिसलं. उणे ५ अंश तापमानातही साधारण ६८ लाख वर्षांत एकही दुवा शिल्लक राहणार नाही, असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला. शेवटचे मोठे डायनासोर संपले त्याला ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. आजवर वाचता आलेला सर्वात जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला आहे आणि त्याचं वय आहे फक्त २० लाख वर्षं.

डायनासोरबद्दल कळतं ते हाडांवरून, पावलांच्या ठशांवरून आणि चक्क शेणावरूनही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि डायनासोरच्या काळातही गवत होतं हे जगाला कळलं. प्राण्याने काय खाल्लं ते दगड सांगतो, पण त्या दगडातून प्राणी बनवता येत नाही.

मग ते लांडगे कोण आहेत?

डायर वुल्फचा डीएनए मिळाला, कारण तो तुलनेने ताजा होता: एक १३ हजार वर्षं जुना दात आणि एक ७२ हजार वर्षं जुनी कवटी. पण त्यातून थेट प्राणी बनवला नाही. कंपनीने आजच्या करड्या लांडग्याच्या पेशी घेतल्या, १४ जनुकांमध्ये २० बदल केले, पेशींचं केंद्रक कुत्रीच्या बीजांडात घातलं आणि भ्रूण कुत्रीच्याच गर्भाशयात वाढवले. त्यातून रोम्युलस, रेमस आणि खलिसी जन्मले.

आता गणित बघा. कंपनीच्या मते दोन्ही प्राण्यांचा डीएनए ९९.५ टक्के सारखा आहे. उरलेला अर्धा टक्का छोटा वाटतो, पण तो फरक एक कोटीहून जास्त अक्षरांचा होतो. त्यातली बदलली २०. म्हणूनच अनेक शास्त्रज्ञ म्हणतात की हे डायर वुल्फसारखे दिसणारे करडे लांडगे आहेत.

खरंच कोणी परत आलंय का?

हो, काही मिनिटांसाठी. स्पेनमधल्या बुकार्डो या रानबकरीच्या जातीतली शेवटची मादी सेलिया जानेवारी २००० मध्ये झाड अंगावर पडून मेली. तिच्या पेशी आधीच जपून ठेवल्या होत्या. त्यातून ३० जुलै २००३ रोजी क्लोन जन्मलं, पण फुप्फुसातल्या दोषामुळे ते काही मिनिटांतच गेलं. एखादी जात दोनदा नामशेष होण्याचं हे एकमेव उदाहरण मानलं जातं.

आणि मॅमथ?

शेवटचे मॅमथ रशियाच्या रँगल बेटावर सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीपर्यंत होते. म्हणजे गिझाचे पिरॅमिड बांधून झाले तेव्हाही ते जिवंत होते. त्यांचा डीएनए चांगला मिळतो. कोलोसलने २०२८ चं लक्ष्य ठेवलंय, पण तयार होईल तो थंडी सोसणारा, केसाळ आशियाई हत्ती. हत्तिणीचं गरोदरपण सुमारे २२ महिन्यांचं असतं, शिवाय आशियाई हत्ती स्वतःच धोक्यात आहे. प्रत्येक प्रयोगासाठी अशा हत्तिणीला वेठीला धरायचं का, हा प्रश्न उरतोच.

मग यात वाद कशाचा?

'मेलेलं परत आणता येतं' असं एकदा वाटायला लागलं की आहे ते वाचवायची घाई कमी होते. डायर वुल्फची बातमी आल्यावर अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे (इंटीरियर) मंत्री डग बर्गम यांनी प्रजाती वाचवण्यासाठी नियमांपेक्षा अशा नव्या तंत्रज्ञानावर भर द्यावा असा सूर लावला. संवर्धनवाल्यांना भीती नेमकी याचीच आहे.

पण हेच तंत्र जिवंत प्राण्यांच्या कामीही येऊ शकतं. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांच्या आता केनियात फक्त दोन माद्या उरल्यात, नाजिन आणि फातू. त्यांची उपजात वाचवण्यासाठी शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत भ्रूण तयार करतायत. आपल्याकडे माळढोक दोनशेहूनही कमी उरलेत. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तोच हा पक्षी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकचं पिल्लू जन्मलं.

थोडक्यात, टी-रेक्स येणार नाही आणि मॅमथ आला तरी तो अर्धामुर्धा असेल. माळढोकला मात्र परत आणायची गरजच नाही. तो अजून आहे, त्याला फक्त राहायला माळरान हवंय.