थांबण्याचे वय कोणी ठरवावे?



या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ विद्वान बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाचे निकाल आणि जुने अहवाल वाचता वाचता. तेव्हा मी सांगणार तो इतिहास कामगाराच्या बाजूने पाहिलेला असणार, हे आधीच सांगून टाकतो. विषय मात्र आपणा सर्वांच्या घरातला आहे. वय झाले म्हणजे कामावरून थांबावे, की आणखी काही वर्षे रेटावे?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. निवृत्तीचे वय निसर्गाने नेमून दिलेले नाही. गावातल्या लोहाराला असे वय कधी नव्हते. अंगात ताकद होती तोवर तो घण मारी; ताकद ओसरली की घण मुलाच्या हाती देऊन स्वतः भाता ओढी; तेही होईना तेव्हा ओट्यावर बसून गिऱ्हाइकांशी हिशेब बोले. त्याचे काम वयाबरोबर उतरत जाई. कारखान्यात ही उतरण राहिली नाही. तिथे माणूस आज पुरा कामगार असतो आणि उद्या गेटाबाहेर.

मग वयाचा आकडा आला कोठून? सरकारने कामगारासाठी वार्धक्याचा विमा सक्तीचा केला तो जर्मनीत, बिस्मार्कच्या कारकीर्दीत, १८८९ साली. कामगार, मालक आणि सरकार या तिघांनी त्यात पैसा घालावयाचा होता. वय ठरले ७०. ते ६५ वर आले १९१६ साली. इंग्लंडात १९०८ चा कायदा झाला. त्यातही वय ७०, आणि आठवड्याला ५ शिलिंग. गिरणीत आणि खाणीत आयुष्य घालविलेल्यांपैकी सत्तरी गाठणारे किती, याचा विचार आपणच करावा. तरीसुद्धा म्हाताऱ्या कामगाराला धर्मादाय नव्हे तर हक्क म्हणून काही मिळावे, हे तत्त्व त्या आकड्यांनी मान्य झाले.

आता आपल्याकडे या. मुंबईत गिरण्यांचा धूर निघू लागला तो १८५० नंतरच्या दशकात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, आणि कामावर जायबंदी होऊन जन्माचा निकामी झालेल्याच्या पोटापाण्याची सोय, अशा त्यात मागण्या होत्या. म्हातारपणाची मागणी त्यात नाही. आश्चर्य नको. आठवड्याचा एक दिवस विश्रांतीचा मिळवावयास १८९० साल उजाडले; आयुष्याच्या शेवटची वर्षे विश्रांतीची मागणार केव्हा? स्वतः लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले, पन्नाशीच्या आत.

गिरणीतला म्हातारा मग करी काय? तो रत्नागिरीला किंवा साताऱ्याला आपल्या गावी जाई. जाताना जॉबरच्या पाया पडून मुलाला किंवा पुतण्याला बदलीत लावून देई. गावची दोन गुंठे जमीन आणि मुलाची मनिऑर्डर, हेच त्याचे पेन्शन. थांबणे होते, पण ते दुसऱ्याच्या घामावर टेकून. ज्याला जमीन नाही आणि मुलगा नाही, त्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता.

स्वराज्यानंतर चित्र बदलू लागले. घटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यात साहाय्य करण्याचे तत्त्व लिहिले गेले. १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला आणि कापडधंद्यासह सहा धंद्यांना तो प्रथम लागू झाला. पण त्याच काळातले कोर्टाचे निकाल वाचले की एक विचित्र गोष्ट दिसते. मालक म्हणत, ५५ ला थांबा. कामगार कोर्टात जाऊन म्हणत, आम्हाला ६० पर्यंत काम करू द्या! गेस्ट कीन विल्यम्स कंपनीच्या खटल्यात १९५९ साली, ५५ वर्षांचा नियम होण्याआधीच नोकरीस लागलेल्यांना ६० पर्यंत काम करता यावे, असा सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. वय ठरविताना काम कोणत्या प्रकारचे आहे, पगार किती, निवृत्तीनंतर हाती काय पडते, हवामान कसे, त्या भागातल्या तशाच धंद्यांत रिवाज काय, हे सारे पाहावे, असे त्यांनी सांगितले. सरकारी नोकरांचे वय केंद्राने १९६२ साली ५५ चे ५८ केले आणि १९९८ साली ६०.

कामगाराला काम इतके का प्रिय होते? मी म्हणतो, प्रिय नव्हते. ५५ ला हाती पडणारी रक्कम मुलीच्या लग्नात आणि सावकाराच्या खात्यात जाणार, हे त्याला ठाऊक होते. त्याने वर्षे मागितली ती पगारासाठी.

हे मी पुस्तकातून शिकलो. पण नीट समजले ते एका चुकीनंतर. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका ओतकामाच्या कारखान्यात आमचे मागणीपत्रक होते. निवृत्तीचे वय ५८ चे ६० करावे, ही मागणी मी स्वतःच्या हाताने त्यात घातली. वय वाढवून घेणे म्हणजे विजय, अशी माझी समजूत. गेट मीटिंगला टाळ्या पडल्या. मग भट्टीवरचे एक मामा उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, दोन वर्षं वाढवून घेताय, पण ती कुणाच्या अंगातून काढणार?"

मीटिंग गप्प झाली. कचेरीतल्या कारकुनाची दोन वर्षे आणि भट्टीपुढची दोन वर्षे मी एकाच तराजूत तोलली होती. त्यात आमच्यातले निम्मेअधिक 'एक जूनवाले'. आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, म्हणून शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिली. कागदावरचा अठ्ठावन वर्षांचा माणूस खरा साठीचा असू शकत होता.

आम्ही मागणी बदलली. ज्याला हवे त्याने ६० पर्यंत काम करावे, भट्टीवाल्याला पुरे पैसे घेऊन ५८ ला थांबता यावे, आणि पंचावन्ननंतर त्याला पगार न कापता हलके काम मिळावे. पहिल्या दोन गोष्टी करारात आल्या, तिसरी नाही. मामा ५८ ला थांबले. तीन महिन्यांनी मी त्यांना पाहिले ते एका गृहसंस्थेच्या फाटकावर, रात्रपाळीचे वॉचमन म्हणून. पगार निम्म्याहून कमी. मी निवड मिळवून दिली म्हणत होतो, ती कागदावरच राहिली होती.

आज नियमांत निवड आहे. १९९५ च्या पेन्शन योजनेत वय ५८. ते लवकर, पन्नाशीनंतर घेतले तर वर्षाला ४ टक्के कापून मिळते. ६० पर्यंत पुढे ढकलले तर दरसाल ४ टक्के वाढते. हिशेब चोख आहे. पण २०१४ साली किमान पेन्शन ठरली ती महिना १,००० रुपये. औषधपाणीही न भागणाऱ्या रकमेची टक्केवारी माणसाला कोणते स्वातंत्र्य देणार? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडू लागल्या तेव्हा 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द आपण ऐकला. पुढे चूल पेटेल याची खात्री नसताना जी सही होते, तिला स्वेच्छा म्हणू नये.

म्हणून थांबावे की चालू ठेवावे, याचे एक उत्तर सर्वांना देता येणार नाही. काम ज्याला उभारी देते त्याला वयाच्या दाखल्यावरून घरी बसविणे अन्यायाचे. ज्याचे अंग झिजले त्याला पोटासाठी ओढत ठेवणे त्याहून अन्यायाचे. दोघांनाही न्याय मिळावयाचा तर जगण्यापुरते पेन्शन हवे आणि उतारवयाला हलके काम हवे. लोहाराला जी उतरण होती, तीच.

शेवटी स्वतःविषयी. दोन वर्षांनी मला अठ्ठावन पुरी होतात. आम्ही युनियनवाले मालकाला तरुणांची भरती करा म्हणतो आणि स्वतः मात्र ऐंशीपर्यंत खुर्ची सोडत नाही. मी सरचिटणीसपद त्या दिवशी सोडणार आहे. कचेरीत येईन, नव्या पोरांना निकाल वाचावयास शिकवीन, पण सही त्यांची असेल. मला हे ठरविता येते, कारण बायकोची शिक्षिकेची पेन्शन घरात येणार आहे. मामांना ठरविता आले नाही. हा फरक मिटेपर्यंत आपल्याला निवृत्तीच्या इतिहासाचा शेवट लिहिता येणार नाही.