सगोत्र जनुके आणि मेंदूची जडणघडण

सस्तन प्राण्यांच्या पेशींत अनेक जनुके जोडीने किंवा गटाने आढळतात. उत्क्रांतीच्या ओघात एकाच मूळ जनुकाच्या नकला होऊन ती निर्माण झाली असल्याने त्यांना सगोत्र जनुके म्हणता येईल. अशा दोन जनुकांची कामे भिन्न दिसली, तर त्यांची प्रथिने भिन्न झाली असे समजायचे, की ती प्रथिने तयार होण्याची वेळ आणि जागा बदलली असे? उंदराच्या मेंदूतील एनग्रेल्ड-१ व एनग्रेल्ड-२ या जोडीने या प्रश्नाचे बरेच स्पष्ट उत्तर दिले आहे.

फळमाशीच्या शरीरखंडांच्या आखणीत भाग घेणाऱ्या एनग्रेल्ड जनुकाची ही सस्तन रूपे. मानवात पहिले दुसऱ्या गुणसूत्रावर, तर दुसरे सातव्या गुणसूत्रावर असते. त्यांची प्रथिने डीएनएला जोडली जाऊन इतर जनुकांचे नियंत्रण करतात. उंदराच्या गर्भात सुमारे आठव्या दिवशी, मध्यमेंदू व पश्चमेंदू यांच्या सीमेलगत प्रथम एनग्रेल्ड-१ व्यक्त होते. एनग्रेल्ड-२ त्याच पट्ट्यात, पण काही तासांनी. लहान मेंदू पुढे याच परिसरातून आकाराला येतो.

एनग्रेल्ड-२ निकामी केलेले उंदीर जगतात, असे १९९१ मध्ये दिसले. त्यांचा लहान मेंदू किंचित लहान असतो आणि त्याच्या घड्यांची रचना बदललेली असते, इतकेच. १९९४ मध्ये एनग्रेल्ड-१ निकामी केल्यावर मात्र पिल्ले जन्मताच दगावली. त्यांच्यात लहान मेंदूचा बहुतांश भाग आणि मध्यमेंदूचाही काही भाग नव्हता. येथवर पाहता पहिले जनुक श्रेष्ठ व दुसरे दुय्यम, असाच निष्कर्ष कोणीही काढला असता.

अलेक्झांड्रा जॉयनर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एनग्रेल्ड-१ च्या जागी एनग्रेल्ड-२ चा सांकेतिक भाग बसवला. म्हणजे प्रथिन दुसऱ्याचे, वेळापत्रक पहिल्याचे. या उंदरांचा मेंदू व्यवस्थित घडला! उणीव प्रथिनात नव्हती; दुसरे जनुक उशिरा जागे होत होते. १९९८ मध्ये तर याच जागी फळमाशीचे जनुक ठेवूनही मेंदूचे काम भागले. पायांची वाढ मात्र त्याने सुधारली नाही. तेव्हा प्रथिनाची घडण सर्वत्र गौण असते, असे म्हणण्याची घाई करू नये.

दोन्ही जनुके एकमेकांची उणीव काही अंशी भरून काढतात. दोन्ही नसतील, तर डोपामिन तयार करणाऱ्या मध्यमेंदूतील चेतापेशी जन्मापूर्वीच नष्ट होतात, हे २००१ मध्ये दाखवण्यात आले. एनग्रेल्ड-१ ची केवळ एकच प्रत असलेल्या उंदरांत या पेशी जन्मानंतर हळूहळू घटत जातात. कंपवाताच्या रुग्णांत ऱ्हास होतो तो याच प्रकारच्या पेशींचा. त्यामुळे गर्भावस्थेनंतरही या पेशींत व्यक्त होत राहणाऱ्या या जोडीकडे कंपवाताचे अभ्यासक लक्ष ठेवून आहेत.