घटिकापात्राची तपासणी

1861 सालचा कार्तिक. तुळशीची लग्नं उरकली आहेत. पहाटेच्या गारठ्यात स्नान उरकून तुम्ही काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढताय. अहिल्याबाईंच्या दगडी दीपस्तंभावर रात्रीच्या तेलाचे ओघळ अजून ओले आहेत. वर औरंगजेबाच्या मशिदीचे उंच मिनार, जवळच बिंदुमाधवाचं देऊळ.

वरच्या गल्लीत एका मराठी वाड्यात आज लग्न आहे. मुहूर्ताची वेळ मोजायला ओसरीवर पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवलंय. "बिंब अर्धं वर आलं हो!" गच्चीवरून हाक येते आणि जोशीबुवा तांब्याची वाटी, म्हणजे घटिकापात्र, पाण्यावर सोडतात. वाटीच्या बुडाला बारीक भोक. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. जोशीबुवा ती उपसून पुन्हा रिकामी सोडतात आणि भिंतीवर कुंकवाचं एक बोट उमटवतात.

तुम्ही दीडशे वर्षांनंतरच्या काळातून आला आहात. संगणक बंद असतानाही बॅटरीवर वेळ राखणाऱ्या रिअल-टाइम क्लॉक चिपचे लिनक्स कर्नलमधले ड्रायव्हर तपासणं हे तुमचं काम. त्या सवयीने काही तासांनी तुम्ही बोटं मोजता: सात. मग वाटीकडे पाहता: नुकतीच सोडलेली, रिकामी. म्हणजे बरोबर सात घटका? भिंतीवरून मान वळवेपर्यंत वाटी बुडाली, पुन्हा सुटली आणि आठवं बोट उमटलं. तुमची एक घटका हरवली.

चिपमध्ये हेच होतं. 10:59:59 वाजता ड्रायव्हरने तासाचं रजिस्टर वाचलं: 10. मिनिटांपर्यंत पोहोचेतो 11 वाजले, मिनिटं झाली शून्य. ड्रायव्हर सांगतो 10:00, अख्खा तास मागे. म्हणून सगळी रजिस्टरं एका दमात वाचायची. चिपमध्ये ती सोय नसेल तर दुसऱ्यांदा वाचायची आणि दोन्ही वाचनं जुळली तरच वेळ मान्य करायची. तुम्हीही भिंतीकडे पुन्हा एकदा बघा.

आता वाटीचं माप. ती खरंच 24 मिनिटांत बुडते का? इथल्या संस्कृत पाठशाळेत गणित-ज्योतिष शिकवणाऱ्या बापूदेव शास्त्रींचं एक पुस्तक याच वर्षी कलकत्त्याला छापलं गेलंय. त्यात भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचं, दिवंगत लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी केलेलं आणि बापूदेवांनी तपासलेलं इंग्रजी भाषांतर आहे. तांब्याचं वजन, भोकाचं माप ही जुनी मोजमापं भास्कराचार्य बाजूला ठेवतात. वाटी कशीही घडवा, अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि 60 घटकांना त्या संख्येने भागा. जे येईल ते तुमच्या वाटीचं माप. चिपच्या स्फटिकाची कंपनंही सेकंदाला 32,768 ठरलेली, पण थंडी-उन्हाने ती ढळतात. किती ढळतात हे मोजून दुरुस्तीचा आकडा भरण्याची सोय चांगला ड्रायव्हर देतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दुपारी जोशीबुवांचा डोळा लागला, तर वाटी बुडून तळाशी पडून राहील. किती वेळ पडली आहे, हे ती सांगणार नाही. बॅटरी संपली की चिपही अशीच थांबते आणि वीज आल्यावर नीटनेटकी पण खोटी तारीख देते. डीएस3231 या चिपमध्ये यासाठी एक खूण आहे: स्फटिकाची कंपनं थांबली की ती आपोआप उभी राहते. ती खूण दिसली तर ड्रायव्हरने तारीख न देता त्रुटी कळवावी, आणि नवी वेळ भरल्यावरच खूण पुसावी. काही ड्रायव्हर मात्र चिप सुरू करतानाच ती पुसून मोकळे होतात. मग वेळ खोटी असल्याचा पुरावाच उरत नाही.

असा कोड तुमच्यासमोर आला, तर बाकी सगळं कितीही सुबक असलं तरी तो परत पाठवा. वेळ ठाऊक नसल्याचं कळलं तर जोशीबुवा उन्हाची सावली मोजून घेतील, संगणक नेटवर्कला विचारून घेईल. खोट्या वेळेवर विसंबलेल्याला मात्र विचारायची गरजही वाटत नाही.