सर्वांसाठी दोन तारा : मीटर-बसचा प्रवास, पाडरबोर्न ते माण

१/ मुळशी तालुक्यातील माण. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा या गावच्या शिवारात आला आणि भातखाचरांच्या परिसरात काचेच्या उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. इथे घर उबदार ठेवण्याची चिंता कोणाला नाही. तरीही केंद्रीय वातानुकूलन असलेल्या इमारतींत थंडाव्याचा हिशेब ठेवणारा ‘बीटीयू मीटर’ हा मुळात उष्णतामापकच आहे. अशी मापके एका तारेत ओवण्याच्या एका पद्धतीचा हा इतिहास.

२/ त्याची सुरुवात एका अन्यायातून झाली. युरोपातील सामायिक इमारतींत एकाच बॉयलरचे गरम पाणी सर्व बिऱ्हाडांत फिरे आणि खर्च बहुधा क्षेत्रफळावर वाटला जाई. खिडक्या उघड्या टाकणारा व काटकसर करणारा, दोघांना आकारणी सारखीच! १९७३च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला आणि ही वाटणी खुपू लागली. १ मार्च १९८१ रोजी पश्चिम जर्मनीत नवा नियम लागू झाला : खर्चाचा किमान ५० व कमाल ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरानुसार आकारावा.

३/ नियमाने मोजणी सक्तीची झाली. पण नोंद घेण्यासाठी माणसाला घरोघर जावे लागे. यावर पाडरबोर्न विद्यापीठाचे प्रा. होर्स्ट त्सीग्लर यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची जर्मन शाखा व टेखेम कंपनी यांच्या साहाय्याने ‘मीटर-बस’, म्हणजेच एम-बस, घडवली. १९९७मध्ये उष्णतामापकांच्या युरोपीय मानकात तिला स्थान मिळाले. ‘बस’ हा शब्द लॅटिन ‘ऑम्निबस’चा अवशेष आहे, अर्थ ‘सर्वांसाठी’. रस्त्यावरच्या बसचे मूळही तेच.

४/ रचना साधी आहे. मध्यवर्ती यंत्र तारांवर ३६ व्होल्ट ठेवते आणि बोलताना दाब १२ व्होल्टांनी उतरवते. मीटर एरवी सुमारे दीड मिलिअँपिअर प्रवाह घेतो; उत्तर देताना त्यात ११ ते २० मिलिअँपिअरची भर घालतो. विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही. खानदेशातील फड पद्धतीत पाटकरी ठरवील त्याच शेतात पाणी जाई. तसाच हा पाळीचा कारभार. सारी हुशारी मध्यवर्ती यंत्राकडे ठेवल्यामुळे शेकडो मीटर स्वस्त राहू शकले.

५/ आता आखणीचा हिशेब. २५० मीटर म्हणजे ३७५ मिलिअँपिअर. ०.८ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडतारेचा ३५० मीटर अंतरावरचा जाऊन-येऊन रोध सुमारे २४ ओहम. सगळे मीटर टोकालाच लावले, तर ३६पैकी ९ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. म्हणून भार तारेवर विखुरलेला बरा. वेगाचेही तसेच : प्रत्येकाने सर्वांत लांब उत्तर दिले, तर सेकंदाला ३०० बिट वेगाने एक फेरी ४० मिनिटांची होते, २४०० बिट वेगाने ५ मिनिटांची.

६/ मॉडिकॉनने १९७९मध्ये आणलेली मॉडबस भारतातील इमारतींत अधिक परिचित आहे. पण ती ज्या आरएस-४८५ तारेवर सहसा चालते, तिला मीटरमागून मीटर अशी सरळ साखळी लागते आणि धन-ऋण टोके अचूक जोडावी लागतात. एम-बसला फांद्या फुटल्या तरी चालते, टोकांची अदलाबदल झाली तरी चालते. बांधकामाच्या गडबडीत कोणत्या मजल्यावर तार कशी वळेल याचा भरवसा नसतो. तेथे ही सवलत मोलाची ठरते.

७/ माणच्या हवामानात मात्र एक कसोटी कठोर होते. उष्णतेचे सूत्र सर्वत्र एकच : पाण्याचा प्रवाह गुणिले तापमानातील फरक. तापवणीत हा फरक ३० अंश असू शकतो. थंड पाण्याच्या नळ्यांत तो बहुधा ५ ते ६ अंशच असतो. १००० लिटर पाणी ५ अंशांनी तापले, तर सुमारे ५.८ युनिट ऊर्जा मोजली जाते. तापमानाच्या फरकात ०.१ अंशाची चूक झाली, तर तिकडे बिल ०.३ टक्क्याने बदलते, इकडे थेट २ टक्क्यांनी. चुकीचा आकडा तार अगदी बिनचूक पोहोचवते; म्हणून आखणी तापमान-संवेदकांच्या जुळलेल्या जोडीपासून सुरू व्हायला हवी.

८/ १९८१च्या नियमामागचा प्रश्न थंडीचा नव्हता, शेजाऱ्याचा खर्च आपल्या माथी का, हा होता. एकाच यंत्रणेचा थंडावा घेणाऱ्या अनेक कार्यालयांच्या इमारतीतही तोच प्रश्न उभा राहतो. नकाशावरील दोन बारीक रेषांची आखणी नीट झाली, तरच त्याचे उत्तर बिलावर खरे उतरते.