शाळा कोणाची? : इलिनॉयच्या एका निवडणुकीचा इतिहास

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मंदिराच्या कोनशिलेचें स्मरण करावें, तसेंच त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या शाळेचेंही करावें. त्या शाळेचा कारभार कोणाच्या हातीं असावा, आणि तेथें मुलांना कोणत्या भाषेंत शिकवावें, हा प्रश्न केवळ आमच्याकडेच उपस्थित झाला असें नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच प्रश्नावरून एका विद्वान शिक्षणाधिकाऱ्याचें पद गेलें. ती हकीकत वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

त्या काळीं इलिनॉयमध्यें लोकशिक्षणाचा सुपरिंटेंडेंट, म्हणजे सरकारी शाळांवरील मुख्य अधिकारी, गव्हर्नर नेमीत नसे. दर चार वर्षांनीं लोकच त्याला मतें देऊन निवडीत. १८८६ सालीं रिपब्लिकन पक्षातर्फे रिचर्ड एडवर्ड्स ह्या पदावर निवडून आले. त्यांचा जन्म १८२२ सालचा, वेल्स देशांतला. लहानपणींच ते अमेरिकेस आले. १८६२ पासून १८७६ पर्यंत चौदा वर्षें ते इलिनॉयच्या नॉर्मल युनिव्हर्सिटीचे, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयाचे, अध्यक्ष होते. पुढें त्यांनीं काँग्रिगेशनल पंथाचे पाळक म्हणूनही काम केलें. अशा पुरुषाची शिक्षणाविषयींची कळकळ संशयातीत होती.

मुलांना शाळेंत पाठविणें आवश्यक करणारा पहिला कायदा तेथें १८८३ सालीं झाला होता. परंतु त्याची अंमलबजावणी ढिली होती, आणि शिकागोसारख्या शहरांत कोंवळीं मुलें कारखान्यांत राबत. हें दुखणें दूर व्हावें म्हणून १८८९ सालीं नवा कायदा झाला. तो एडवर्ड्स ह्यांच्याच नांवानें ओळखला जातो. हेतु उत्तम होता. मात्र त्यांत दोन कलमें अशीं होतीं, कीं त्यांनीं घरोघरीं चिंता उत्पन्न केली. खाजगी शाळेला स्थानिक शिक्षणमंडळाची मान्यता लागावी, हें एक. आणि वाचन, लेखन, अंकगणित इत्यादि विषय इंग्रजींतून शिकविले जात नसतील तर ती शाळा कायद्यानें शाळाच समजूं नये, हें दुसरें.

१८८४ सालीं बाल्टिमोर येथें भरलेल्या तिसऱ्या राष्ट्रीय धर्मपरिषदेनें प्रत्येक मंदिरानजीक दोन वर्षांचे आंत धर्मग्रामाची शाळा काढावी, असें ठरविलें होतें. जर्मन, पोलिश व बोहेमियन कॅथॉलिकांनीं सरकारी शाळांचा कर भरून, शिवाय स्वतःच्या मिळकतींतून ह्या शाळा चालविल्या होत्या. त्यांतून मुलांना आजीच्या भाषेंत प्रार्थना व धर्मशिक्षण मिळे. तीच गोष्ट जर्मन लूथरन लोकांची. इंग्रजी शिकण्यास बहुतेकांची हरकत नव्हती. त्या देशांत तिच्यावांचून पोट भरणें कठीण, हें ते जाणून होते. हरकत होती ती, आईबापांचा अधिकार सरकारी मंडळाच्या मर्जीवर सोंपविण्यास. जे एरवीं एकमेकांच्या उंबरठ्यावर पाय ठेवीत नसत, ते कॅथॉलिक व लूथरन ह्या वेळीं एकाच बाजूस उभे राहिले.

१८९० च्या निवडणुकींत एडवर्ड्स ह्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षानें हेन्री राब ह्यांना उभें केलें. राब हे १८३७ सालीं प्रशियांतील वेट्झलार येथें जन्मलेले, बेलव्हिल गांवीं हयात घालविलेले शिक्षक. १८८३ ते १८८७ पर्यंत त्यांनीं हेंच पद सांभाळलें होतें. ते शिक्षणाचे वैरी नव्हते. १८८३ चा कायदा त्यांच्याच कारकीर्दींत झाला होता. लोकांनीं राब ह्यांना निवडलें. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यांत अशाच बेनेट कायद्यापायीं त्याच सालीं गव्हर्नर होर्ड पराभूत झाले व १८९१ सालीं तो कायदा गेला. इलिनॉयचा कायदा १८९३ सालीं रद्द झाला. त्याच्या जागीं मुलांना शाळेंत पाठविण्याची सक्ती ठेवणारा, पण तीं जाचक कलमें वगळणारा कायदा करण्यांत आला.

येथें एडवर्ड्स ह्यांना दोष देऊन मोकळें होणें न्यायाचें नाहीं. कारखान्यांतील मूल त्यांना दिसलें. तें त्यांचें पुण्य. परंतु त्या मुलाला आईबाप आहेत, त्यांची भाषा आहे, श्रद्धा आहे, आणि त्यांना विचारावयास हवें, हें त्यांच्या कायद्यांत उतरलें नाहीं. मतांनीं मिळालेलें पद मतांनींच गेलें. पुढें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९२३ सालीं नेब्रास्का राज्याचा, लहान मुलांस परभाषा शिकविण्याची बंदी करणारा कायदा, आणि १९२५ सालीं ऑरेगॉनचा, सर्व मुलांना सरकारी शाळेंतच घालण्यास लावणारा कायदा रद्द ठरविला. मूल हें केवळ राज्याचें नव्हे, हें तत्त्व अशा रीतीनें न्यायासनावरूनही मान्य झालें.

आमच्या देशांत १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानें धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. जो हक्क इलिनॉयच्या मजुरांना मतदानाच्या जोरावर राखावा लागला, तो आम्हांस लिहून मिळाला. परंतु लिहून मिळालेला हक्क शाळेला जिवंत ठेवीत नाहीं. कारखान्यांतील मुलाविषयींची एडवर्ड्स ह्यांची कळकळ आणि स्वतःच्या शाळेसाठीं त्या मजुरांनीं सोसलेली झीज, हीं दोन्हीं एकत्र येतील तेव्हांच मंदिराशेजारची शाळा त्या शेजारास शोभेल. परमेश्वर आमच्या धर्मग्रामास तशी बुद्धि देवो.