मूठभरांचा हक्क

आम्ही चिखलीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शहरियत शिकवतो. मराठी शाळेतले आमचे मित्र याच विषयाला नागरिकशास्त्र म्हणतात. बहुमताला आमच्याकडे अक्सरियत आणि अल्पसंख्याकांना अकल्लियत म्हणतात, आणि हे दोन्ही शब्द पोरांना तोंडपाठ असतात. अकल्लियत म्हणजे कोण, असे विचारले की सारा वर्ग "हम लोग" म्हणून मोकळा होतो. आणखी कोण, असे विचारले तर ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, पारशी अशी यादी येते आणि तिथे थांबते. आमची स्वतःची यादीही बरीच वर्षे तिथेच थांबत होती. ती पुढे कशी सरकली, त्याचा हा इतिहास आहे.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरेशकुमार कौशल खटल्याचा निकाल दिला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे ३७७ कलम घटनेला धरून आहे, असे दोन न्यायमूर्तींनी सांगितले. त्याआधी २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरते हे कलम रद्दबातल केले होते. ते खंडपीठ न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांचे होते. शहा हे मूळचे आपल्या सोलापूरचे. त्यांच्या निकालाविरुद्ध जे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले त्यांत एक ज्योतिषी होते, काही हिंदू आणि ख्रिस्ती संघटना होत्या, आणि ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. एरवी एका सतरंजीवर न बसणारी मंडळी या एका खटल्यात शेजारी शेजारी बसली.

आम्ही तेव्हा बी.एड. करत होतो. वसतिगृहात उर्दू वर्तमानपत्र हातोहात फिरले आणि आम्ही म्हणालो, चला, एक काम तरी चांगले झाले. हे आज लपवण्यात अर्थ नाही. निकालात काय लिहिले आहे, ते वाचायची गरज आम्हाला वाटली नव्हती. पुढे वाचले तेव्हा एका मुद्द्यापाशी अडखळलो. न्यायालयाने म्हटले होते की असे लोक देशाच्या लोकसंख्येचा अगदीच अत्यल्प अंश आहेत, आणि दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेहूनही कमी लोकांवर खटले चालले. उच्च न्यायालयाने हे लक्षात घेतले नाही. कायदा बदलायचा की नाही ते संसदेने पाहावे. थोडक्यात, तुम्ही मूठभर आहात, तुमच्या हक्काचे काय ते बहुमताला विचारा.

वाचकहो, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा नाही काय?

ज्या कलमाला आपण आपली तहजीब समजून कवटाळले ते मुळात इंग्रजांचे. मेकॉलेच्या आयोगाने संहितेचा मसुदा १८३७ मध्ये केला, कायदा १८६० चा, अंमल १८६२ पासून. खुद्द इंग्लंडने १९६७ साली आपल्या कायद्यातून हा गुन्हा बऱ्याच अंशी काढून टाकला. आपण मात्र ते पारतंत्र्याचे कुलूप घरचा दागिना म्हणून जपत राहिलो.

मराठी मुलखात या प्रश्नाची पहिली मोठी झुंज कोर्टात झाली ती १९३४ साली, मुंबईत. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषांचे कामजीवन असे विषय त्यात उघडपणे येत. १९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झालाच होता. १९३४ चा खटला वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून झाला, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांबद्दलही प्रश्न होते. उत्तरे देणारा अश्लील ठरला. विचारणारे बिचारे कोण होते, कुठल्या गावचे होते, हे इतिहासाला ठाऊक नाही. लिहायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्यांनी मासिकाला लिहिले, एवढे मात्र कळते.

कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे कराराला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. ज्या नेत्याच्या डोक्यावर आपल्या समाजाचे एवढे ओझे, त्याने हे बदनाम वकीलपत्र कशाला घ्यावे? समाजातले चार शहाणे आजही असाच सल्ला देतील: आपलेच दुखणे थोडे आहे का, दुसऱ्याचे कशाला अंगावर घेता. बाबासाहेबांनी ते घेतले. मासिक लैंगिक प्रश्नांनाच वाहिलेले आहे, वाचक विचारतात, तर उत्तर का देऊ नये, असा त्यांचा सवाल होता. विषय लैंगिक आहे म्हणून लिखाण अश्लील ठरत नाही, आणि विकृती म्हणाल तर तीही ज्ञानानेच दूर होईल, दडपून नव्हे, असा त्यांचा रोख होता. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली कर्वे वारले तोवर चालू राहिले.

याच बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे. दुसरी गोष्ट अल्पसंख्याकांबद्दलची. इथले बहुमत हे राजकीय नाही, जमातीचे आहे. तरी अल्पसंख्याकांनी त्याचे राज्य निष्ठेने मान्य केले. आता भेदभाव न करणे हे बहुसंख्याकांचे कर्तव्य. हा दुसरा भाग आपल्या सभांतून वारंवार सांगितला जातो, आम्हीही वर्गात सांगतो. पहिल्या भागाकडे आपले लक्ष जात नाही. तो पहिलाच भाग २००९ साली न्या. शहांनी उचलला आणि म्हटले, न्यायालयाने पाहायची ती घटनेची नीती, लोकांच्या आवडीनिवडीची नव्हे.

मास्तर म्हणून आम्हाला १९८६ चा एक निकाल फार जवळचा वाटतो. केरळात यहोवाज विटनेसेस या छोट्या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत. त्यांचा धर्म आड येत होता. शाळेतून त्यांची नावे काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत घ्यायला लावली आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिले की अगदी नगण्य अल्पसंख्याकालाही घटनेखाली आपली ओळख टिकवता येते का, हीच लोकशाहीची खरी कसोटी. हा निकाल आपल्याला आवडतो, कारण उद्या आपली पोरे त्या जागी असू शकतात. सत्तावीस वर्षांनी त्याच न्यायालयाने मूठभर असणे हीच उणीव धरली, आणि आपण वर्तमानपत्र हातोहात फिरवले.

मग मार्च २०१५ उजाडला. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. गाय तर १९७६ च्या कायद्यापासूनच बंद होती, आता बैल आणि वळूही बंद झाले. कुरेशी मोहल्ल्यांतले धंदे बसले; म्हातारा बैल विकणारा शेतकरीही अडला, पण त्याची गोष्ट निराळी. राज्याबाहेरून आणलेले गोमांस नुसते जवळ असणे हाही गुन्हा ठरला. आम्ही चिडून म्हणालो, आमच्या ताटात डोकावणारे सरकार कोण? आणि म्हणता म्हणता २०१३ आठवले. दुसऱ्याच्या खोलीत डोकावायला आपण नुकतीच दाद दिली होती.

पुढची साखळी तर विलक्षणच आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. गुप्ते यांनी कत्तलबंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या मांसाबद्दलची तरतूद रद्द केली. आधार घेतला खासगीपणाच्या हक्काचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. काय खावे, काय ल्यावे हे सरकारने सांगू नये, हेही त्या निकालात आहे. आणि संख्या अत्यल्प म्हणून हक्क नाकारता येत नाही, अशी कौशल निकालाची कानउघाडणीही त्यातच आहे. त्याच पायावर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी ३७७ कलमातून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले. म्हणजे आपले ताट आणि त्यांची खोली, दोन्हींचे दार एकाच बिजागरीवर आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, मजहबचे काय? मजहब जे गुनाह मानतो ते गुनाह मानण्याचा हक्क आमच्याकडून कोणी काढून घेतलेला नाही. पण गुनाह आणि जुर्म हे दोन शब्द आहेत, आणि सरकारी शिपाई दुसऱ्यासाठी असतो. हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत लहानपणी आम्ही मक्तबमध्ये ऐकली होती. रात्रीच्या गस्तीत एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले, तर माणूस दारू घेऊन बसलेला. तो म्हणाला, माझी चूक एक, तुमच्या तीन. तुम्ही टेहळणी केलीत, दरवाजा सोडून आलात, आणि इजाजत न मागता आलात. खलिफांनी त्याला तसेच सोडले. तजस्सुस म्हणजे दुसऱ्याचे उणे हुडकत फिरणे; सूरह हुजुरातमध्ये त्याला मनाई आहे.

लग्नाचा प्रश्न वेगळा आहे. निकाह कसा करायचा ते आमचे आम्ही ठरवू, कोर्टाने त्यात पडू नये, असे आम्हाला वाटते. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा मामला संसदेवर सोडला तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत जमियत उलमा-ए-हिंदही होती. तिथे मागणी निकाहची नव्हतीच, सरकारी नोंदणी विवाहाची होती. चारच महिन्यांनी उत्तराखंड विधानसभेने बहुमताने समान नागरी कायदा संमत केला. लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंद करावी, नाहीतर तुरुंग, हेही त्यातलेच. कायदेमंडळ ठरवेल, हा जबाब आता आपल्याही हाती पडला आहे.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होते. ते काढा, म्हणून मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी पाटी राहिली. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आम्ही चहा पाजला.

यंदा शहरियतच्या तासाला आम्ही जम्हूरियतची व्याख्या लिहून दिली. पहिले वाक्य अक्सरियतच्या हुकूमतीचे, गाइडमध्ये असते तेच. दुसरे वाक्य आमचे: जिच्यात सर्वांत छोट्या अकल्लियतचे हक्क मतदानाला टाकले जात नाहीत. आणि अकल्लियतच्या यादीत आणखी एक नाव घातले. वर्गात थोडी खुसखुस झाली. मग मागच्या बाकावरून एकाने हात वर केला.

"सर, दूसरा जुमला लिखे तो मार्क कटेंगे क्या?"