दाबलेली रुई, पिंजलेली रुई

शाळेचे हिवाळी शिबिर जंगलाच्या कडेला असले की एक-दोन उत्साही मुले झाडांना झोळी बांधून तिच्यात झोपण्याचा हट्ट धरतात. विंचूकाट्याची भीती नाही, जमिनीची ओल नाही, शिवाय झोका फुकट. पहाटे मात्र हीच मुले शेकोटीपाशी सर्वांत आधी येऊन बसलेली दिसतात. अंगाखाली गोधडी, अंगावर गोधडी, तरी पाठ गारठलेली. खालची गोधडी वरच्या गोधडीइतकीच जाड असताना असे का व्हावे? प्रश्न उष्णतेच्या धड्यातला आहे, पण त्याचे उत्तर शोधताना वऱ्हाडातल्या, विशेषतः खामगावच्या, कापसाच्या इतिहासातून गेलो तर ते जास्त चांगले कळते.

मार्च १८७० मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. निमित्त होते जलंब ते खामगाव या रेल्वेच्या फाट्याचे. लांबी उणीपुरी १३ किलोमीटर. एवढ्याशा रुळांसाठी व्हाइसरॉयने इतक्या दूर येण्याचे कारण मँचेस्टरमध्ये होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होताच. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची मुख्य वाट १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ती खामगावला थोडक्यात चुकवून गेली होती, ती चूक या फाट्याने दुरुस्त केली.

त्यापूर्वीची वाहतूक कशी होती याचा एक आकडा पाहण्याजोगा आहे. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून थेट मुंबईला रुई पाठवली : १,२०,००० पौंड रुई आणि ५०० बैल. म्हणजे बैलामागे २४० पौंड, सुमारे ११० किलो. बैलाला हे वजन जड नाही. अडचण रुईच्या आकारमानाची. सैल रुईचा बोजा बैलाच्या दोन्ही अंगांनी फुगतो, काटेरी झुडपांना घासतो, धूळ खातो, पावसात भिजतो. जहाजातही तेच. जहाजाची पोटजागा ठरलेली, आणि सैल रुई भरून ती अडवणे कोणाला परवडणार? म्हणून रुई दाबायची. आधी हाताने फिरवायचे स्क्रूचे दाबयंत्र आले, मग वाफेवर चालणारे प्रेस. खामगाव, अकोला, अमरावती या गावांची जिन-प्रेसची धुराडी त्यातूनच उभी राहिली. मुंबईच्या बाजारात गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोंची धरत. आज ती १७० किलोंची धरतात. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गाठीवर बुक्की मारून पाहा, लाकडावर मारल्यासारखे वाटते.

आता दाबताना नेमके काय बाहेर जाते? रुईचा एक तंतूही कमी होत नाही. जाते ती हवा. खामगावच्या भरभराटीचे एक मोठे तंत्र थोडक्यात सांगायचे तर ते रुईतून हवा हाकलून देण्याचे तंत्र होते.

याच्या अगदी उलटे काम पिंजारी करत असे. पन्नाशीच्या पुढच्या शिक्षकांना तो आठवत असेल. खांद्यावर माणसाहून उंच पिंजण, तिला ताणून बसवलेली तात, हातात तात छेडायचा लाकडी ठोकळा. दिवाळीनंतर थंडीची चाहूल लागली की गल्लीत त्या तातेचा टणत्कार ऐकू येई. जुनी दुलई उसवून तिच्यातली घट्ट बसलेली, गोळे झालेली रुई तो अंगणात पसरी. कंप पावणाऱ्या तातेला ती लागली की तंतू सुटे होऊन उडत. पसाभर रुईचा बघता बघता ढीग होई. आम्हा मुलांना वाटे, हा माणूस कापूस वाढवतो! वजन केले असते तर थोडे घटलेलेच निघाले असते, कारण धूळ झडून जाई. वाढायची ती हवा.

किती वाढायची, त्याचा हिशेब वर्गात सहज करता येतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, ताजी पिंजलेली दोन किलो रुई भरलेली दुलई घ्या. जाडी चार सेंटीमीटर धरली तर आकारमान १२० लिटर झाले. कापसाचा तंतू म्हणजे बहुतांश सेल्युलोज. त्याची घनता घनसेंटीमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास. त्या हिशेबाने दोन किलो तंतूंचे स्वतःचे आकारमान भरते जेमतेम १.३ लिटर. बाकीचे ९९ टक्के काय आहे ते मुलांनाच सांगू द्यावे. आपण रात्री हवाच पांघरतो, रुई फक्त तिला जागेवर धरून ठेवते.

ही गोष्ट प्रयोगाने दाखवणारा माणूस काउंट रम्फर्ड, मूळ नाव बेंजामिन टॉमसन. जन्म अमेरिकेतला, नोकरी बव्हेरियाच्या राजदरबारी. सैनिकांचे कपडे स्वस्त आणि उबदार कसे करावेत हा त्याच्यापुढचा रोकडा प्रश्न होता. त्याने तापमापकाचा फुगा काचेच्या मोठ्या गोळ्यात मधोमध बसवला आणि मधल्या पोकळीत दर वेळी सुमारे एक ग्रॅम वेगवेगळा पदार्थ भरला. हे उपकरण उकळत्या पाण्यात तापवायचे, मग बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, आणि पारा एका ठरलेल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. १७९२ मध्ये त्याने आकडे प्रसिद्ध केले. पोकळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. सुटी रुई भरल्यावर १०४६, मेंढीची लोकर भरल्यावर १११८, सशाचे केस भरल्यावर १३१५. या यादीपेक्षा मला त्याचा पुढचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. तितकीच रुई, पण कातून सूत केलेली, फुग्याभोवती गुंडाळली तेव्हा १०४६ चे ८५२ झाले. पदार्थ तोच, वजन तेच. पीळ बसला, तंतू एकमेकांना चिकटले, हवेचे कप्पे गेले. रम्फर्डने निष्कर्ष काढला की तंतूंमध्ये अडकलेली हवा फिरू शकत नाही, म्हणून ती उष्णता वाहून नेऊ शकत नाही. हवा उष्णतेचे वहन अजिबात करत नाही असे तो समजत होता, ते बरोबर नव्हते. फार थोडे का होईना, ती करते. पण कपड्याच्या ऊबेबद्दलचा त्याचा मुद्दा आजही उभा आहे.

वऱ्हाडी कापसाची याबाबत एक खासियत होती. इथल्या देशी जातींचा धागा आखूड आणि भरड. बारीक सूत कातणाऱ्या गिरण्या त्याला नाक मुरडत. पण भरड तंतू दाबल्यावर पुन्हा चटकन फुगतो, त्यामुळे गाद्या-दुलयांना तोच चांगला. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि देशी कापसाचा पेरा फारच थोडा उरला.

ज्या मुलखात एवढी रुई पिकत होती, तिथल्या शेतकऱ्याच्या घरात मात्र बहुधा जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली वाकळच असे. वरच्या हिशेबाने मुंबईच्या एका गाठीत ८९ दुलयांची रुई बसते. ती विकून शेतसारा आणि सावकार भागवायचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर, १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची वस्ती १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली. गोधडी-वाकळीच्या कलेचे कौतुक करताना ही बाजू आपण सहसा सांगत नाही.

आता पुन्हा झोळीकडे. झोळी आपल्याला नवी नाही. निंदणीला आलेली बाई बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्याला त्यात निजवते. कॅरिबियन बेटांवर १४९२ मध्ये पोचलेल्या कोलंबसाच्या माणसांनी तिथले लोक अशाच टांगलेल्या जाळ्यांत झोपलेले पाहिले, आणि पुढे युरोपातल्या खलाशांनी ती युक्ती उचलली. तान्ह्या मुलाचे वजन तीन-चार किलो, त्याच्याखालचे दुपटे फारसे दबत नाही. पन्नास किलोंचे मूल झोळीत झोपले की त्याच्या पाठीखालची गोधडी म्हणजे छोटेसे प्रेसच. चार सेंटीमीटरची जाडी चार मिलिमीटरवर येते.

उष्णतावहनाचे सूत्र लावून पाहू. पिंजलेल्या रुईची वाहकता सुमारे ०.०४ वॅट प्रति मीटर प्रति अंश, पाठीचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, त्वचा ३४ अंशांवर, बाहेरची हवा १२ अंशांवर. जाडी चार सेंटीमीटर असेल तर पाठीतून ११ वॅट उष्णता जाईल. चार मिलिमीटर असेल तर ११० वॅट. झोपलेल्या माणसाचे सगळे शरीर मिळून ७०-८० वॅटच उष्णता तयार करते! (झोळीखाली वारा वाहता असून खालचा कपडा हवेइतकाच थंड झाला आहे, असे इथे धरले आहे.) जमिनीवर झोपणाऱ्याची गोधडीही दबते, पण त्याच्या खालून वारा तरी वाहत नाही.

उपाय असा की गोधडी झोळीच्या आत न ठेवता बाहेर, खालून टांगायची. मग शरीराचे वजन झोळीचे कापड पेलते, गोधडी दबत नाही, तिच्यातली हवा शाबूत राहते. परदेशात झोळीतून मुक्काम करणारे हौशी भटके अशा गोधड्या घरी शिवतात. आपल्याला त्या अवघड जाऊ नयेत.

दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद असे दोन कापडाचे तुकडे घ्यावेत. खालचा घट्ट विणीचा, वारा अडवणारा हवा. जुन्या छत्रीचे कापड जोडून चालते. भरायला १.२ किलो ताजी पिंजलेली रुई पुरते. ओल्या हवेत मात्र रुई पाणी धरते आणि बसते, शिवाय ती जड, म्हणून दवाच्या जागी उशीत भरतात तो कृत्रिम फायबर बरा. गोधडीला घालतो तसे जवळजवळ धावदोरे इथे घालू नयेत. दोरा वरचे आणि खालचे कापड जिथे एकत्र आवळतो तिथे जाडी शून्य होते आणि त्या रेषेतून थंडी शिरते. त्याऐवजी दोन कापडांच्या मध्ये चार सेंटीमीटर रुंदीच्या पातळ पट्ट्या उभ्या शिवून नळीसारखे कप्पे करावेत आणि एकेक कप्पा भरावा. दोन्ही आखूड कडांना नेफा करून नाडी ओवावी. नाडी ओढली की गोधडीला पन्हाळीसारखा आकार येतो. टांगण्यासाठी सुतळीपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बऱ्या, कारण माणूस झोळीत बसल्यावर झोळी खाली येते आणि गोधडीनेही तिच्याबरोबर खाली यायला हवे. गोधडी आणि झोळी यांत फट राहिली तर वारा तिथून वाहतो, आणि पट्ट्या फार ताणल्या तर गोधडी दबते. झोळीत झोपणाऱ्याला दुसऱ्याने खालून हात घालून पाहायला सांगावे, हात अलगद शिरला पाहिजे.

शिवायला वेळ नसेल तर निदान रम्फर्डचा प्रयोग करावा. सारख्या आकाराचे दोन डबे, दोन्हींत सारखेच गरम पाणी. एका डब्याभोवती पन्नास ग्रॅम रुई सैल गुंडाळून वर पातळ कापड, दुसऱ्याभोवती तितकीच रुई दोरीने करकचून आवळलेली. दोन्ही डब्यांना झाकण हवे, नाहीतर वरून जाणारी वाफच सगळा निकाल ठरवते. दर पाच मिनिटांनी तापमान फळ्यावर लिहीत जावे.